कॉइल आपली, करंट सरकारचा

भिलाई, ऑगस्ट १९९१. बुधवार.

शेजारच्या बोरकर वहिनींचा हीटर आजही दिवसभर लाल होता. वर भांडं नाही, काही नाही. विचारलं, तर म्हणाल्या, "बंद-चालू केलं का कॉइल तुटते, बाई. कॉइल आपल्या पैशाची हाय. करंट तं सरकारचा."

संध्याकाळपासून तेच डोक्यात. सरकारचा म्हणजे कुणाचा? सरकार तर नवं कर्ज काढून जुन्याचं व्याज भरतं आहे.

सरकारी पोलाद कारखान्याच्या या क्वार्टरांत आजवर वीज फुकट; आता मीटर लागणार, म्हणून उद्या आमच्या लाइनीतले सगळे ऑफिसात विरोध करायला जाणार आहेत. मी वहिनींना म्हटलं, मी येत नाही. मीटर लागू देत. क्वार्टरही राहणाऱ्यांना विकून टाका. जो वापरेल तो भरेल.

वहिनी हसल्या. "मास्तरीणबाई, तुमचा पगार कोन देते? तो बी बंद करा मंग."

कारखान्याची शाळाही फी घेऊन चालवा, असं म्हणायला हवं होतं का? मग माझी नोकरी? शिकवणं चांगलं असेल तर टिकेल. नसेल तर कशाला टिकावी?

घरी हे म्हणाले, "कावून भांडून राहिली? याच लाइनीत राहाचं हाय आपल्याले."

राहीन. पण उद्या जाणार नाही.

आमचाही हीटर लालच होता. जेवणं झाल्यावर मी बटण बंद केलं. हे म्हणाले, कॉइल तुटेल.

तुटू दे. ती तरी माझी आहे.