इसार घेतलेला सरडा

अप्पा, तुमची लेक सरडे विकते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कपाळाला हात लावायला नको. कुंपणावरचे साधे सरडे नव्हेत हो. इग्वाना म्हणतात त्यांना. परदेशी जात, पोपटी हिरवा रंग, गळ्याखाली लोंबती कातडी, आणि नजर अशी की जणू आपणच त्यांच्या घरात भाड्यानं राहतोय. तुमची नात पुण्याला शिकत होती तेव्हा रीतसर कागदांसकट एक जोडी घेऊन आली, आणि नोकरी लागल्यावर ती माझ्या गळ्यात घालून निघून गेली. पहिले पंधरा दिवस मी दारातूनच पाला फेकत होते. आता शेवग्याचा पाला बारीक चिरून, वर जास्वंदीचं फूल ठेवून ताट वाढते. रामनगरात लोक मागनं मला सरडेवाली म्हणतात. म्हणोत बापडे. वनखात्याचा माणूस पिल्लं मोजायला आणि कागद बघायला येतो, तोसुद्धा आता चहा घेतल्याशिवाय उठत नाही.

तुमचं गिऱ्हाईक बरं होतं. दारात यायचं, बैलाचे दात बघायचं, चार पावलं चालवून बघायचं, आणि हो की नाही ते तिथंच सांगायचं. माझं गिऱ्हाईक फोनमध्ये राहतं. आधी म्हणतं फोटो पाठवा. मग व्हिडिओ पाठवा. मग खाताना पाठवा. एवढं सगळं झालं की बायकोला विचारून सांगतो म्हणून जे गायब होतं ते होतंच. एकानं पैसे भरल्याची पावती पाठवली, बघते तर ती गेल्या वर्षाची, तीही दुसऱ्याच कुणाची. एकानं मला डबा घेऊन स्टँडवर बोलावलं. दोन तास उन्हात उभी राहिले, पिल्लाला पदराची सावली करून, आणि हा बाबा घरी झोपलेला! त्या दिवशी मी जे बोलले ते तुम्ही ऐकलं नाही तेच बरं. मग मी नियमच लिहून काढला आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला पाठवायला लागले. इसार दिल्याशिवाय पिल्लू राखून ठेवणार नाही. आठ दिवसांत घेऊन जावं. नको असेल तर कळवा, इसार परत मिळेल. न कळवता गप्प बसलात तर इसार बुडाला आणि पिल्लू दुसऱ्याला गेलं. लेक म्हणाली, “आई, एकदम कडक!” मी म्हटलं, मुलगी कुणाची आहे. पण हे म्हणताना मला माहीत होतं, की नियमातलं शेवटचं वाक्य तुम्हाला कधीच पटलं नसतं.

गुंदकडच्या आपल्या घरचा तो तांबडा गोऱ्हा मला अजून दिसतो. उळवीच्या जत्रेला गाड्या चालल्यात. एक कन्नड बोलणारा शेतकरी पाणी प्यायला थांबतो, गोऱ्ह्याच्या पाठीवरनं हात फिरवतो, आणि तिथंच बसकण मारतो. तुमचा सौदा ठरतो. इसार तुमच्या हातावर ठेवून तो म्हणतो, परतताना नेतो. जत्रा संपली, गाड्या परत गेल्या, त्यांत तो नव्हता. मी तेव्हा दहाएक वर्षांची. एक दिवस त्या गोऱ्ह्याला दोर लावून मी सरपणाचा ओंडका ओढून आणत होते, आणि तुम्ही बांधावरनं ओरडलात, “सोड त्याला! इसार घेतलाय मी. ते आता आपलं न्हाई, पाव्हणा हाय. पाव्हण्याला कामाला लावत्यात व्हय?” मी रडत दोर सोडला. तुम्ही मला जवळ घेतलं नाहीत, आधी गोऱ्ह्याची मान चोळलीत. केवढा राग आला होता मला तुमचा!

हल्याळचा एक जण जास्त किमतीला मागायला आला तेव्हा आईनंही सांगून बघितलं, “चार महिनं झालं. तो मेला का जिता हाय कुणाला ठावं? देऊन टाका आन् मोकळं व्हा.” तुम्ही म्हणालात, “त्यानं तोंडानं सोडलं म्हणू दे. मग देतो.” आई तीन दिवस तुमच्याशी बोलली नाही. ताट वाढत होती, पण आदळून. आणि पेरणीच्या तोंडावर तो आला. तापानं पार वाळून गेलेला, काठी टेकत. गोठ्यात गोऱ्हा बघून तो तुमच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. तुम्हीच कावरेबावरे झालात, “उठा हो, च्या घ्या,” एवढंच म्हणत राहिलात. माझ्या बापाएवढा मोठा माणूस मुलखात नाही असं मला त्या दिवशी वाटलं. आजही वाटतं. आणि तिथंच माझं चुकलं.

यंदा होळीच्या सुमाराला चौदा पिल्लं निघाली. पावसाच्या आत सगळी घालवायची हे माझं दरवर्षीचं ठरलेलं. या जिवांना ऊब लागते, दिवसभर बल्ब लागतो, आणि आपल्या जोयड्याच्या पावसात लाईट कशी असते ते तुम्हाला काय सांगायचं! झाड पडलं की तीन-तीन दिवस अंधार. मोठी जोडी गोधडीत तग धरते, पिल्लं नाही धरत. तेरा गेली. चौदावं सगळ्यांत बारकं, शेपटीचं टोक जरा वाकडं. त्याचा इसार धारवाडच्या एका माणसानं दिला होता. “अक्का, काचेची पेटी करून घेतो, चार दिवसांत आलोच,” म्हणाला. त्यानंतर फोन बंद. आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना गेला. तेवढ्यात ते पिल्लू माझ्या मनगटावरनं खांद्यावर चढायला शिकलं. मी पाला चिरायची आणि ते कानाशी बसून बघायचं.

मेच्या शेवटाला गोव्याहून एक नवराबायको आली. दोघंही शिक्षक. सगळे पैसे घेऊन, ऊब धरणारी पेटी घेऊन आली होती. बाई म्हणाली, “काकी, पाऊस आलाच आता. तुमच्याकडं लाईट टिकत नाही म्हणता. द्या की.” मी म्हटलं, “त्याचा इसार हाय माझ्याकडं.” तिनं फोन काढून माझाच नियम मला वाचून दाखवला. आठ दिवस. मी म्हटलं, “कागदाचं राहू दे. त्यानं तोंडानं सोडलं न्हाई अजून.” बिचारी रिकाम्या हातानं गेली. मी दारात छाती काढून उभी. आज अप्पा असते तर, असं मनात म्हणत होते. रात्री लेकीला सांगितलं तर ती फोनवर किंचाळलीच, “आई, तो काय बैल आहे का? मरेल तो!”

जुलैत लाईनवर झाड पडलं. पहिल्या दिवशी इन्व्हर्टरनं साथ दिली, संध्याकाळी तोही बसला. मी बाटल्यांत गरम पाणी भरून भोवती ठेवलं. चुलीजवळ टोपली ठेवली, पण धुरानं ते तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं, म्हणून उचललं आणि पोटाशी, पोलक्यात धरून बसले. दोन दिवस तशीच. एका हातानं भात लावला, एका हातानं जेवले. त्याचा हिरवा रंग मळकट झाला, पानाला तोंड लावेना. लाईनमनला मी फोनवर नको नको ते बोलले, तोही भिजत खांबावर लटकला होता बिचारा. तिसऱ्या दिवशी दुपारी बाटल्या बदलायला म्हणून त्याला मांडीवर घेतलं, तर मान धरीना. मी त्याला चोळत राहिले, ऊठ रे, ऊठ रे, म्हणत. चौथ्या दिवशी सकाळी लाईट आली.

आठवड्यानं धारवाडचा माणूस आला. काचेची पेटी मांडीवर घेऊन एस्टीनं आलेला. त्याची आई दवाखान्यात होती, त्या धावपळीत फोन हरवला, त्यातच माझा नंबर गेला. रामनगरात उतरून सरडेवालीचं घर कुठं म्हणून विचारत विचारत आला. दारातनंच म्हणाला, “अक्का, ठेवलंय न्हवं? मला खात्री होती बघा.” आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “दिलं. गोव्याला. आठ दिवस झालं की देतो आम्ही.” एवढं सरळ खोटं मी जन्मात बोलले नव्हते. तो पेटी खाली ठेवून म्हणाला, “माझीच चुकी. तुमचा नियम तर होताच.” इसार परत द्यायला मी कपाट उघडलं, तर हात जोडून म्हणतो, “नको अक्का. नियम म्हणजे नियम.” जाताना पायरीवर थांबून विचारलं, “माणसं चांगली हायत न्हवं? जपतील न्हवं त्याला?” मी म्हटलं, “लई चांगली हायत.” ते ऐकून त्याला खरंच बरं वाटलं, अप्पा. रिकामी पेटी घेऊन गेला.

तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. तुमचा गोऱ्हा चार महिने गोठ्यात उभा राहू शकत होता, बोटाएवढ्या जिवाला तुमचा नियम कसा झेपणार, असं तुम्हाला बडबडते. तुम्हाला उलट बोलता येत नाही म्हणून जास्तच बडबडते. त्या माणसानं जाताना दिलेला नवा नंबर माझ्याकडं आहे. फोन हातात घेते, ठेवून देते. तो आपलीच चूक समजून बसलाय, आणि मी त्याला तसं बसू दिलंय.

हे पत्र कुणाला पाठवायचं नाही, आणि तुम्हीही कुणाला सांगणार नाही, म्हणून लिहिते. मी तुमच्या शब्दासाठी ते पिल्लू ठेवलं नव्हतं. त्या माणसासाठी तर नव्हतंच. मला ते द्यायचं नव्हतं, अप्पा. तुमचं नाव पुढं केलं.