शेवटच्या रिळात बोलणारा एडी

आतून कडी लावलेल्या खोलीत त्या म्हाताऱ्या बँकरचा खून कोणी केला? पुतण्याने, डॉक्टरने, की औषधाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या नर्सने? या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. माझ्या हाती आलेल्या त्या चित्रपटाची सहा रिळे मी पाहिली आहेत, सातवे पाहिलेले नाही.

मी, सुलेखा यशवंत बारवकर, वय सव्वीस, मूळ गाव फलटण, सध्या कोलंबस, ओहायो येथे ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व मर्जीने लिहीत आहे. लहानपणच्या सांधेतापाने अधू झालेली माझ्या हृदयाची झडप येत्या मंगळवारी बदलायची आहे. डॉक्टरांना काळजी वाटत नाही. मला थोडी वाटते, पण डोके ठिकाणावर आहे. इंग्रजी प्रत वकिलांकडे दिली आहे. ही मराठी प्रत माझ्या वडिलांना, बापूंना, वाचता यावी म्हणून, त्यामुळे हिच्यात मजकूर जास्त आहे.

१. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. माझे बी.ए.चे प्रमाणपत्र बापूंनी चौकटीत घालून आपल्या तंबू-टॉकीजच्या तिकीटखिडकीत टांगले आहे. ते तिथेच राहू द्यावे. बँकेतली शिल्लक धाकटी बहीण दीपा हिच्या शिक्षणासाठी, आणि फक्त शिक्षणासाठी आहे. लग्नाच्या याद्या करणाऱ्या नातेवाइकांनी तिच्याकडे पाहूसुद्धा नये.

२. माझ्या व्हिडिओ कॅसेट माझा वर्गमित्र विवेक याला द्याव्यात. त्यांवर टीव्हीवरून घेतलेले जुने अमेरिकन रहस्यपट आहेत. चित्रपट नुकता बोलायला लागला होता त्या काळातले. नट मायक्रोफोन लपवलेल्या फुलदाणीकडे झुकून बोलतात, आणि शेवटी गुप्तहेर सगळ्यांना एका दिवाणखान्यात बसवून खुनी दाखवतो. मी भाड्याने राहते त्या घराच्या मालकीण रूथ हेगन आणि मी हे चित्रपट शनिवारी दुपारी पाहतो. शेवटच्या जाहिरातीत दोघींनी आपापला खुनी जाहीर करायचा आणि हरणारीने भांडी घासायची, असा आमचा नियम. एकदा विवेक ऐन त्या वेळी दारातून आत आला आणि म्हणाला, “अरे यार, तो डॉक्टरच आहे! मी पाहिलाय हा.” रूथबाईंनी त्यालाच भांडी घासायला लावली. माझा राग अजून गेलेला नाही, तरी कॅसेट त्यालाच द्याव्यात. इतक्या आवडीने ते चित्रपट दुसरे कोणी पाहणार नाही.

३. आता चित्रपटाविषयी. सप्टेंबरात इथून जवळच्या एका गावातले जुने थिएटर पाडले. मालकाने रिळांचे डबे “न्यायचे तर ने” म्हणून मला दिले. नावाची पट्टी गळून गेली आहे, म्हणून चित्रपटाचे नाव मला ठाऊक नाही. विद्यापीठात पाहणीच्या टेबलावर दुसरे रीळ फिरवत होते, तेव्हा सोबत आलेल्या रूथबाईंनी माझा दंड धरला. “दारातला तो पोलीस,” त्या म्हणाल्या, “तो एडी आहे.”

एडी हा त्यांचा धाकटा भाऊ. तो हॉलिवूडला गेला आणि पुढच्याच वर्षी मोटार अपघातात वारला. मरण्यापूर्वी त्याने घरी कळवले होते, ‘शेवटच्या रिळात मी बोलतो.’ त्यांच्या गावच्या थिएटरात तेव्हा आवाजाचे यंत्र बसलेले नव्हते, म्हणून तो चित्रपट तिथे आलाच नाही. एडीचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. सहा रिळांत तो नुसता दारात उभा आहे.

सातवे रीळ आकसले आहे, कडेची भोके फाटत आली आहेत. आमच्या यंत्राच्या दातांवर चढवले तर ते एकदा चालेल आणि मागे चिंध्या उरतील. त्याची नवी प्रत करून देणारी प्रयोगशाळा आहे, पण तिला वेळ लागतो.

“एकदाच चालव, हनी,” रूथबाई म्हणाल्या. “मी ऐकते, मग फाटू दे. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला कसली वाट पाहायला लावतेस?”

“पण मग तो पुन्हा कोणालाच ऐकू येणार नाही.”

“दुसऱ्या कोणाचा तो भाऊ होता?”

आठवडाभर आम्ही बोललो नाही. शनिवारचा चित्रपट त्यांनी वर पाहिला, मी खाली.

मग एके दुपारी मी चहा घेऊन वर गेले आणि त्यांना बापूंची गोष्ट सांगितली. बापूंच्या तंबूत एकच प्रत दोन गावांत चालायची, एकेक रीळ सायकलवरून यायचे. एका जत्रेत शेवटचे रीळ आलेच नाही. बापू माइक घेऊन पडद्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी शेवट स्वतःच रचून सांगितला. लोक टाळ्या वाजवून घरी गेले. दुसऱ्या दिवशी रीळ आले तर खुनी निराळाच! तेव्हा पब्लिक ओरडले, “बापूंचाच शेवट बरा होता!”

रूथबाई खूप हसल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, “सांगोवांगी मला खूप झालं. मला तो बोलताना हवाय. आणि एकदा ऐकून माझं भागेल म्हटलं ना, ते खोटं होतं. मला पुन्हा पुन्हा लागेल.”

४. म्हणून माझी इच्छा अशी: प्रत तयार झाली की पहिल्यांदा ती रूथबाईंनी एकटीने ऐकावी. नंतर एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात, मागेल त्याच्यासाठी. पहिली सहा रिळेही तिथेच. खुनी कोण हे बापूंना फलटणला कळवावे, पण आधी त्यांनी आपला शेवट तंबूत, माइकवर सांगावा. मी इस्पितळातून परत आले तर मला कोणी काही सांगू नये. विशेषतः विवेकने.

५. खाली साक्षीदार म्हणून सही करणाऱ्या वीणा आणि शोभाकाकू यांना मी काहीच ठेवलेले नाही, कारण साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील म्हणाले. रूथबाईंनाही सही करायची होती. “तुम्हाला मिळणार आहे, म्हणून नाही,” असे सांगितल्यावर त्या रुसल्या.

६. बापू, मी मे महिन्यात घरी येणार नाही. ते तिकीट कॅन्सल करून त्या पैशांत प्रतीचा खर्च भागवला. तुम्ही रागवाल, आणि मग माइक पुसायला घ्याल, हे मला माहीत आहे. रीळ काल दुपारी प्रयोगशाळेत दिले. गाडी विवेकने चालवली, डबा सगळा रस्ताभर रूथबाईंच्या मांडीवर होता. काउंटरवरच्या माणसाने मालकाचे नाव विचारले. मी म्हणाले, “रूथ हेगन.” तेव्हा त्या रिळापुरते या मृत्युपत्रात द्यायचे काही उरलेले नाही. ते देऊन झाले.

सही: सुलेखा यशवंत बारवकर

आमच्यासमोर सही केली, आम्ही दोघी शुद्धीवर व किंचित रडवेल्या:
वीणा साठ्ये
शोभा केळुसकर

कोलंबस, ओहायो
१७ नोव्हेंबर १९८४