बर्फातली फेक

प्रिय वेस,

मार्च संपत आला तरी सकाळी शेतांवर धुकं उतरतंच. मी धान्यकोठाराच्या शिडीवर चढतो, तेव्हा खाली गाव नसतंच. पाण्याच्या टाकीचा गोल तेवढा हवेत तरंगत असतो. त्यावर आता तुझा बारा नंबर रंगवलाय. रंगाऱ्याचा हात हलला, त्यामुळे त्यातला दोन बदकासारखा झालाय. तुझी आई म्हणते, राहू दे तसाच, पोरगं चालतंही तसंच.

मोठे फुटबॉल संघ नवे खेळाडू निवडतील, त्या दिवसासाठी चर्चचा हॉल ठरलाय. मोठ्या पातेल्यात खिमा-राजम्याची चिली आणि त्यासोबत दालचिनीचे रोल. तुझं नाव येणार का, हे कुणी विचारतच नाही. कोणता संघ घेणार, एवढाच वाद. मक्याच्या शेतांमधल्या आपल्या कॉलेजातून व्यावसायिक संघात कुणी गेलेलं नाही. बायका तर तू तिथे पोचल्यासारखंच बोलतात.

आणि तू दर रविवारी मला फोन करून म्हणतोस, लाईल, ती फेक सांग ना.

मग मी सांगतो. सामन्याच्या तिसऱ्या सत्रात तुला समोरच्या दोघांनी उचलून आपटलं होतं. गोठलेल्या जमिनीवर डोकं आदळल्याचा आवाज मी ऐकला. तू उठलास, बर्फ झटकलास, हसलास, म्हणून कुणी तुला बाहेर काढलं नाही. चाल ठरवायच्या घोळक्यात माझ्या कानाशी येऊन तू हळूच विचारलंस, "लाईल, आज कुणाशी खेळतोय आपण?" मी म्हणालो, "तुझ्या सासऱ्याशी. गप खेळ." चार वर्षं माझ्या मागे उभा राहून तू माझ्या बुडावर विनोद केलेस, मला वाटलं हाही त्यातलाच. मग तुझे डोळे पाहिले. पुढची प्रत्येक चाल मी तुझ्या कानात सांगितली.

बर्फ इतका दाट झाला होता की मैदानावरच्या रेघा पुसल्या गेल्या. प्रेक्षकांचा आवाज कापसातून यावा तसा येत होता. मी वाकलो, पायांमधून चेंडू मागे तुझ्या हातात दिला आणि पुढच्याच क्षणी कुणीतरी मला उताणा पाडला. तसा पडलो म्हणूनच ती फेक मी पूर्ण पाहिली. बर्फ खाली येत होता आणि चेंडू वर जात होता, संथ, गिरक्या घेत, जणू त्याला उतरायचंच नव्हतं. मग तो दिसेनासा झाला. टोकाच्या रेषेपलीकडे आपल्या एमरीने तो छातीशी धरलाय, हे ओरडा झाला तेव्हाच कळलं. मोसमातल्या फेकींचा विक्रम मोडला. तू मला हात देऊन उठवलंस आणि विचारलंस, काय झालं रे?

ती फेक सगळ्या राज्याला आठवते, एक तू सोडून. कपडे बदलताना तू म्हणालास, कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं. वाटलं, एका दुपारचं विसरणं आहे, ते माझ्याकडे ठेवीसारखं राहील. सांगता सांगता त्यात माझंही थोडं मिसळलं असेल. पण तू गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखा शांत होतोस, म्हणून सांगत राहिलो.

बुधवारी एका संघाचा माणूस माझ्याकडे येतोय. तुझ्यामागे कोण कोण उभं होतं, सगळ्यांना भेटतोय म्हणे. तो विचारेल, पोराला काही दुखणं आहे का? त्याच्याशी मी खोटं बोलणार नाही. त्याआधी तू स्वतः डॉक्टरांना सगळं सांग. हॉल, चिली, टाकीवरचा नंबर, सगळं पणाला लागेल, ठाऊक आहे मला. तू माझं तोंड पाहणार नाहीस, हेही ठाऊक आहे. पण मागच्या रविवारी फोन ठेवताना तू विचारलंस, "तुझे बाबा काय म्हणतात? पेरणीची तयारी झाली का?" मी म्हणालो, बरे आहेत. वेस, जानेवारीत त्यांची शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत तू होतास. माझ्या शेजारी, डाव्या बाजूला. कबरीपर्यंत रडत होतास.

रागावलास तरी तुझाच,
लाईल