एक की सोळा

ता. ३

चि. ठकूस, अ. उ. आशीर्वाद.

भरल्या ताटावरून उठून मी तरातरा निघून आलो, त्याचा तुला राग आला असेल. चष्मा तुझ्याकडेच राहिला, त्यामुळे त्याच ऐटीत भलत्या बसमध्ये चढलो आणि घरी पोचायला दुप्पट वेळ लागला.

पण तूच सांग, जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला एक घड्याळ दुरुस्त करणारे गृहस्थ ८ ÷ २(२+२) याचं उत्तर सोळा सांगतात आणि वर शांतपणे पाणी पितात, हे मी कसं सहन करायचं? कंचेभागुबेव! दोन आणि कंस यांच्यामध्ये चिन्ह नाही, म्हणजे तिथे ‘चे’ आहे, आणि ‘चे’ भागाकाराच्या आधी. म्हणजे खाली दोन चोक आठ झाले, आठला आठनं भागून एक. ते म्हणे डावीकडून निघायचं, आठ भागिले दोन चार, चार चोक सोळा.

पन्नाशीत लग्न करतेस, मी ब्र काढला नाही. पण नोंदणीला साक्षीदार म्हणून माझी सही हवी असेल, तर तुझ्या घड्याळवाल्यांनी आधी ‘एक’ मान्य करावं.

राग उत्तरावर आहे. तुझ्यावरचा लोभ होता तेवढाच आहे.

तुझा दादा

ता. ९

ती. दादास, सा. न. वि. वि.

चष्मा वेगळा पाठवला आहे. बसचं वाचून आधी हसले, मग रडू आलं.

खापर माझ्या डोक्यावर फोड. तुम्ही दोघं मुखदुर्बळ, समोरासमोर नुसते घसे खाकरत बसाल म्हणून इस्पितळात माझ्या वॉर्डातल्या एका नर्सनं दाखवलेलं ते गणित मीच कागदावर लिहून तुमच्यामध्ये ठेवलं. म्हटलं, दोघांना आकड्यांचं वेड, गप्पा रंगतील. रंगल्या.

इथे दुकानात उघडी घड्याळं तशीच पडली आहेत आणि मालक गणित मांडत बसलेत. तुझी अट सांगितली तेव्हा ते म्हणाले की दादांची रीतही चुकीची म्हणता येणार नाही, पण माझी चूक आहे असं मी खोटं सांगणार नाही. सहीसाठी आज खोटं बोललो तर उद्या दादाच माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत.

दादा, मला हाच माणूस हवा आहे. नोंदणी वीस तारखेला आहे. तू नाही आलास तर आमच्या मेट्रनबाई सही करतील, पण मग त्या कागदावर माझ्या घरचं कुणीच नसेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ठकू

ता. १४

चि. ठकूस, अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून शहाण्यासारखं उत्तर लिहायचं सोडून मी पुरावे गोळा करायला निघालो. सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त मास्तरांना विचारलं. निम्मे एक म्हणाले, निम्मे सोळा. आता बागेत त्यांची दोन बाकं झाली आहेत आणि मला कुठल्याच बाकावर जागा देत नाहीत. मग कॅल्क्युलेटरच्या दुकानात गेलो. एका यंत्रानं एक दाखवला, शेजारच्यानं सोळा. काही घ्यायचं आहे का, असं दुकानदार पुन्हा पुन्हा विचारायला लागला तेव्हा काढता पाय घेतला.

म्हणजे गणितच अर्धवट लिहिलेलं. आणखी एक कंस असता तर भांडायला जागाच नव्हती. ती मीच शोधत होतो, ठकू. तुझी बदली झाली तेव्हा वर्षभरात परतशील असं धरून मी तुझी खोली रोज झाडत होतो. त्या दिवशी तू त्यांना काय हवं ते न विचारता वाढलंस, आणि मला कळलं की तू आता इकडे येणार नाहीस. तुझ्यावाचून मला करमत नाही. हे बोलता येईना, म्हणून कंचेभागुबेव.

घड्याळवाल्यांना म्हणावं, सोळा सोडू नका. सहीसाठी खोटं न बोलणाऱ्याच्या हाती बहीण द्यायला माझी हरकत नाही. एकोणीसलाच येतो.

मागचं पोटात घाल. आणि सही वाकडी आली तर म्हातारपणावर ढकल.

तुझा दादा