सार्डिनियाची वही

बाबा, परवा दादाने नव्या घरात लावायला तुमचे दोन फोटो फ्रेम करून घेतले आणि मलाही मेलवर पाठवले. त्यातल्या एकात तुम्ही आणि दादा इटलीतल्या सार्डिनिया बेटावरच्या एका टेकडीवर सायकलींना टेकून उभे आहात. मागे ऑलिव्हची झाडं, खाली वळणावळणाचा रिकामा रस्ता. फोटो चांगला आलाय. मी तो बराच वेळ पाहत बसले, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझा राग होता तसाच आहे हे लक्षात आलं. म्हणून लिहायला बसले आहे.

साताऱ्यात दर रविवारी सकाळी तुम्ही आणि दादा सायकली घेऊन यवतेश्वरच्या घाटात जायचात. मी तेरा वर्षांची आहे, स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. "मी येऊ का?" मी विचारते. तुम्ही अंगठ्याने टायर दाबून हवा बघताय. मान वर न करता म्हणता, "चढ आहे गं. तू आईला मदत कर, आल्यावर आम्हाला भूक लागलेली असेल." चढ म्हणजे काय हे मग मी आईच्याच ओट्यापाशी शिकले. पाटबंधारे खात्यात तुम्ही ड्राफ्ट्समन होतात, बाद झालेले नकाशे वह्यांना कव्हरं घालायला घरी आणायचात. एकदा त्यातला एक स्वयंपाकघरात जमिनीवर पसरून तुम्ही दादाला समजावत होतात, की उंचीच्या रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा आणि लांब गेल्या की सोपा. दादा जांभया देत होता. शेजारी मटार सोलत बसलेल्या मला ते एकदा ऐकूनच कळलं. तुम्ही विचारलं असतंत तर मी उत्तरही दिलं असतं.

नोकरीसाठी अमेरिकेत क्युपर्टिनोला आल्यावर पहिल्या वर्षी मी लांबच्या प्रवासाची सायकल घेतली. ऑफिसात रोज कुणाची ना कुणाची खुर्ची रिकामी होत होती, पुढचा नंबर आपला असेल या धास्तीने डोकं भणभणायचं. शनिवारी गावामागच्या डोंगरात गेलं की ते थांबायचं. वाळलेलं पिवळं गवत, ओकची झाडं, उतारावर द्राक्षांचे मळे, आणि तासाभरात एखादीच गाडी. एकदा वर भेटलेला एक म्हातारा डच सायकलवाला म्हणाला, अशीच हवा आणि याहून शांत रस्ते हवे असतील तर सार्डिनियाला जा. त्याच्याकडून मी तिथल्या सायकलवाल्यांच्या मेलिंग लिस्टचा पत्ता घेतला. पोस्टाने नकाशे मागवले. दोन वर्षं शनिवार-रविवारी वही भरत गेले. दहा दिवस, रोजचं अंतर, रोजचा चढ, वारा कुठून येतो, कुठल्या गावातलं दुकान दुपारी बंद असतं, पिण्याचं पाणी कुठे मिळतं. वही दोघांसाठी होती. एक मी, एक तुम्ही. तेव्हा हे कुणाला सांगितलं नव्हतं.

आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडे सहा महिने राहायला आलात, तेव्हा ती वही तुमच्या हातात दिली. तुम्ही चष्मा लावून अख्खी वाचलीत. "काम नीट केलंयस," म्हणालात. तुमच्या तोंडून माझ्यासाठी निघालेलं ते बहुतेक पहिलंच बरं वाक्य. मग दर शनिवारी आपण तयारीला जायला लागलो. तुम्हाला सहासष्टावं चालू होतं. तुम्हाला धाप लागायची आणि ते तुम्हाला कबूल नसायचं, म्हणून दर वळणावर मीच उतरून बुटाची नाडी बांधत बसायचे. तुम्ही येऊन पोचायचात आणि म्हणायचात, "दमलीस?" मी हो म्हणायचे.

परत जायच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात दादाशी फोनवर बोलत होतात. मी कणीक मळत होते. फोन ठेवून तुम्ही म्हणालात, "त्याला मे महिन्यात जमतंय. आम्ही दोघं जाऊन येतो सार्डिनियाला."

"आणि मी?"

"तू कशी येणार? तुझं ऑफिस, ते ग्रीन कार्डचं चाललेलं..."

"सुट्टी मंजूर झालीय, बाबा. वकिलालाही विचारलंय. जाता येतं."

मग म्हणालात, "तसं नाही गं. चढावर तुझ्यासाठी थांबत बसावं लागेल, त्याचा सगळा वेळ त्यातच जायचा. वही तेवढी दे."

हाताला कणीक होती. मी हात धुतले आणि वही आणून दिली. भांडता आलं असतं. नाडीचं खरं सांगता आलं असतं. मी विचारलं, "पोळ्या आत्ता करू की थांबू?"

जूनमध्ये तुमचा फोन आला. प्रवास कसा झाला हे विचारायच्या आधीच तुम्ही सुरू झालात. "पाचव्या दिवशी चढावर पाणी आहे असं लिहिलंयस. तिथे हौद कोरडा होता. ऊन केवढं. मला चक्कर आली, झाडाखाली पडून राहिलो. हा दोन तासांनी एका मेंढपाळाच्या घरून पाणी घेऊन आला. खात्री नसेल तर लिहू नये माणसाने. नकाशात चूक म्हणजे कुणाच्या तरी जिवाशी खेळ." मी म्हणाले, "चुकलं, बाबा." नंतर मावशीकडून कळलं की तुम्ही ही गोष्ट सगळ्यांना सांगत होतात, वही कुणाची हेही सांगायला न विसरता. बाकीच्या नऊ दिवसांबद्दल कुणाला काही सांगितल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

दोन हजार आठमध्ये तुम्ही झोपेतच गेलात. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तेराव्याला दादा पाहुण्यांना वही दाखवत होता. "बाबांची तयारी बघा, किती बारीक." वरच्या पानावर तुमच्या ठसठशीत ड्राफ्ट्समनच्या अक्षरात तुमचं नाव होतं. मी त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "आतलं अक्षर कुणाचं आहे बघ." त्याने पानं चाळली. "हो यार, तुझंच. बाबांनी सांगितलं ते तू लिहून घेतलं होतंस ना?" तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. मी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परत आले.

हे पत्र मी दादालाही दाखवणार नाही. लिहून झालं की फाडेन, कारण अजून एक गोष्ट आहे. तुम्ही सार्डिनियाला निघायच्या आठ दिवस आधी त्या मेलिंग लिस्टवरच्या एका बाईंचा मला मेल आला होता. पाचव्या दिवसाच्या रस्त्यावरचा झरा आटलाय, हौद कोरडा पडलाय, पाणी खालच्या गावातूनच भरून घ्यावं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. मी तो ऑफिसात वाचला, दोनदा. जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून तुमचा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. विसरले असं म्हणायची सोय होती, पण मी विसरले नव्हते. तुम्हाला तहान लागावी, एवढंच मला वाटलं होतं.