पोत्यावरची निळी चिंधी

माझ्या आईला, डोंगरावरच्या वनरक्षक चौकीतून पालुकूचा सलाम.

मी बरा आहे. डाव्या हाताला कोयता लागलाय, पण जेवायचा हात शाबूत आहे. धाकट्या बहिणीचा, मासिकाचा, खोकला गेला का?

काल जंगलात कोळशाच्या चोरट्या भट्ट्या फोडल्या. भट्टीवाले कोयते घेऊन धावून आले. माझा जोडीदार कासेरेका माझ्या शेजारीच पडला, तो उठलाच नाही. ज्यानं त्याला मारलं, त्याला मी बंदुकीच्या दस्त्यानं तोंड फुटेपर्यंत हाणलं. रक्त थुंकत तो हसला, "सरकारी कुत्र्या, तुझी आई काय दगड जाळून रांधते का रे?"

मग भरलेली पोती पेटवली. कोळसा विकणाऱ्या बाया आपापल्या खुणेची चिंधी आधीच भट्टीवर पाठवतात, तीच भट्टीवाले त्यांच्या पोत्याच्या तोंडाला बांधतात. तुला हे मी काय सांगू? एका पोत्यावर निळी चिंधी होती, पिवळ्या मासोळ्यांच्या छापाची. ते कापड मी पहिल्या पगारात तुला आणलं होतं. तू तर म्हणाली होतीस, कोळशाचा धंदा सोडला.

कुणी बघायच्या आत ती मी ओरबाडून घेतली. आता जखमेवर तीच बांधली आहे.

सुट्टीत घरी आलो, तर मला गरम काही वाढू नकोस.

तुझाच,
पालुकू