वाऱ्याच्या तोंडावर खेळवणारा परशुराम

दांडी, मालवण
मार्च १९५९

चि. हरिश्चंद्र यास दाजीचे अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. (तुझी ताई म्हणते तो गिरणीतल्या कापसाने होतो, मी म्हणतो विड्यांनी.) इकडे सगळी खुशाल आहेत, एक मी सोडून. ताप नाही, दुखणं नाही, पण रविवारपासून मी सुन्न बसून आहे. परवा बांगड्याचं झणझणीत तिखलं खाऊन मी 'वरण बरं झालंय' म्हणालो, तेव्हापासून तुझी ताईही घाबरली आहे.

झालं ते असं. आमच्या वाडीचा फुटबॉलचा संघ गेल्या वर्षापासून परशुराम शिकवतो. (पूर्वी बोटीवर खलाशी होता तो. मुंबईला गोदीच्या संघातून खेळायचा.) त्याची रीत पाहून माझं रक्त तापायचं. नाणेफेक जिंकली की हा मुद्दाम समुद्राकडे तोंड करणारी बाजू घ्यायचा. मग चेंडू जमिनीवरून मागे, पुन्हा मागे, जरा आडवा, परत मागे. उंच लाथ कोणी मारायचीच नाही. आपला संघ जिंकायचा हे मला मान्य आहे, पण मध्यंतरापर्यंत माझा संताप इतका व्हायचा की उरलेला खेळ न बघताच मी घरी यायचो आणि विजय नशिबाच्या खात्यावर टाकायचो. त्या आधीच्या रविवारी माझ्याने राहवलं नाही. भर मैदानात, सगळ्या वाडीसमोर, मी त्याला पळपुटा म्हणालो. हे असं भिऊन खेळणं खलाशाला शोभत नाही, असंही म्हणालो.

तो भांडेल अशी माझी तयारी होती. तो शांतपणे जवळ आला आणि म्हणाला, "दाजीनू, म्होरल्या रविवारी तुमीच सांभाळा." आणि गेला की रे निघून. आता माघार कशी घेणार? सगळे बघत होते.

तर परवाच्या रविवारी समोर वेंगुर्ल्याचा संघ. नाणेफेक आपण जिंकलो. मी समुद्र पाठीशी घेतला आणि पोरांना सांगितलं, उंच मारा, लांब मारा. पोरांनी मारले. मागून वारा, त्यामुळे चेंडू गोलावरून जाऊन माडांत पडायचा, एकदा हौसाबाईंच्या विहिरीत पडला. (त्यांनी तो काढून दिला, पण काय म्हणाल्या ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.) एक गोल मात्र झाला आणि मी मूर्खासारखा टोपी उडवली. मध्यंतरानंतर बाजू बदलली. आता वारा आमच्या तोंडावर, सूर्य डोळ्यांत, आणि पोरं धावून धावून दमलेली. आमचा गोली बाबली याने जोरात मारलेला चेंडू वाऱ्याने उलटून त्याच्याच डोक्यावरून मागे यायचा आणि वेंगुर्लेकर तो आरामात आत ढकलायचे. किती गोल झाले ते विचारू नकोस.

घरी आलो तर तुझ्या ताईने पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "तो असो कित्याक खेळयता, ह्या तुमी त्याका कधी इचारल्यात?"

का, ते मी विचारलं नव्हतं, हरिश्चंद्र. वर्षभर ओरडत होतो, पण विचारलं नव्हतं. तसाच उठून त्याच्याकडे गेलो. तो जाळं विणत होता. म्हणाला, "दाजीनू, सांजेचो वारो दर्याकडसून येता. पयल्यान तो आमी आंगावर घेतंव, चेंडू जमनीर ठेवतंव. समोरचे त्याच्यामागसून धावान दमतत. मगे बाजू बदलता. वारो आमचो, आणि त्यांच्या गोलीच्या डोळ्यात सूर्य. तेव्हा उंच मारतंव." इतकं सरळ होतं ते. मी थक्क होऊन त्याच्या ओटीवर बसलो. त्याने मला चहा दिला, तोही न रागावता. माणसाने रागवावं तरी.

संघ पुन्हा त्याच्याकडे आहे. यापुढे मी मैदानावर जाईन, शेवटपर्यंत थांबेन, तोंड मिटून.

तुझा,
दाजी

ता. क. : तुला सवड असेल तर शिमग्याला चार दिवस ये. खरं म्हणजे सवड काढूनच ये. आपल्या शेवंतीसाठी ताईने स्थळ पाहिलं आहे आणि शेवंतीलाही ते पसंत आहे. मुलगा परशुराम. हे मला काल सांगण्यात आलं. मामा म्हणून बोलणी तूच कर. ज्याला पळपुटा म्हणालो त्याला 'माझी मुलगी करून घे' कोणत्या तोंडाने म्हणू?

पुन्हा ता. क. : काल सरावात कोपऱ्यावरून मारायचा चेंडू त्याने गोलासमोर न टाकता मागे द्यायला लावला. हे मात्र मला मुळीच पटलेलं नाही. बोलणी पक्की झाली की त्याला सहज विचार. माझं नाव सांगू नकोस.